घरचे डायलिसिस: पिशवी, नळी आणि वही

मागील अंकात पोटाच्या डायलिसिसची ओळख करून दिल्यानंतर जी पत्रे आली, त्यांत रुग्णांची पत्रे थोडी आणि त्यांची पिशवी लावणाऱ्या पत्नीची, सुनेची, मुलाची अधिक होती. ते स्वाभाविकच आहे, कारण या उपचारात रुग्णालयाचे निम्मे काम घरावर येऊन पडते. तो लेख ज्यांच्या वाचनात आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मूत्रपिंडे निकामी झाल्यावर पोटाच्या पोकळीला आतून असलेले पातळ अस्तर, म्हणजे पेरिटोनियम, गाळणीसारखे वापरता येते. त्यासाठी पोटावर एक मऊ नळी शस्त्रक्रियेने बसवतात. तिच्यातून साधारण दोन लिटर साखरयुक्त द्रावण पोटात सोडतात. ते चार ते सहा तास आत राहते, रक्तातील युरिया, क्रिएटिनिन आणि शरीरातील जादा पाणी ओढून घेते आणि मग रिकाम्या पिशवीत उतरवले जाते. दिवसातून तीन किंवा चार वेळा असे पाणी बदलायचे आणि रात्रीचे सकाळपर्यंत पोटात ठेवायचे, याला सीएपीडी म्हणतात. हेच काम झोपेत सायकलर नावाचे यंत्र करीत असेल तर ते एपीडी. भारतात सीएपीडी १९९१ पासून होत आहे, तरीही डायलिसिस म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे आठवड्यातून दोन-तीनदा गाठायचे मशीनच येते.

पत्रलेखकांची नावे आणि गावे वगळली आहेत. पिशव्यांची संख्या, द्रावणाची तीव्रता आणि औषधांचे प्रमाण प्रत्येकाचे निराळे असते. ते आपल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनीच ठरवायचे आहे.

प्रश्न: माझ्या सासूबाईंचे पोटाचे डायलिसिस चौदा महिने सुरळीत चालले होते. गेल्या महिन्यात एका सकाळी निघालेले पाणी ताकाच्या निवळीसारखे दिसले. ताप नव्हता, पोट थोडेसे दुखत होते. दुपारचे पाणी स्वच्छ येईल म्हणून आम्ही वाट पाहिली आणि सकाळची पिशवी नेहमीप्रमाणे संडासात रिकामी केली. घरात असलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्याही त्यांना दिल्या. दुसऱ्या रात्री त्यांना दाखल करावे लागले. तिथले डॉक्टर आमच्यावर फार रागावले. आमचे नेमके काय चुकले?

उत्तर: तीन गोष्टी चुकल्या, आणि तिन्ही चांगल्या हेतूने केलेल्या होत्या. आपण थांबलात, पिशवी ओतून टाकलीत आणि तपासणीआधी गोळ्या दिल्यात.

पोटातून निघालेले पाणी एरवी फिकट पिवळे आणि पारदर्शक असते. ते गढूळ झाले की अन्य काही सिद्ध होईपर्यंत तो पेरिटोनायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराचा जंतुसंसर्ग, असे धरूनच चालायचे असते. ताप नाही म्हणून निर्धास्त राहता येत नाही, कारण वयस्कर आणि मधुमेही रुग्णांना ताप पुष्कळदा येतच नाही किंवा उशिरा येतो. पोटात किमान दोन तास राहिलेल्या पाण्याच्या एका मायक्रोलिटरमध्ये १०० हून अधिक पांढऱ्या पेशी आणि त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल आढळले की निदान जवळपास पक्के होते. ही मोजणी आणि कोणता जंतू आहे हे सांगणारे कल्चर, दोन्ही त्या गढूळ पिशवीतूनच करायचे असते. म्हणून ती पिशवी क्लॅम्प, म्हणजे नळी बंद करणारा चिमटा, लावून, स्वच्छ प्लास्टिकच्या पिशवीत घालून, रुग्णाबरोबर रुग्णालयात न्यायची असते. तो सर्वांत महत्त्वाचा पुरावा असतो. गोळ्या आधीच दिल्या तर कल्चरमध्ये जंतू वाढत नाहीत आणि मग डॉक्टरांना अंदाजाने औषध चालवावे लागते. शिवाय या संसर्गावरचे अँटिबायोटिक मुख्यतः द्रावणाच्या पिशवीत मिसळून थेट पोटात सोडतात, त्यामुळे तोंडाने घेतलेल्या दोन गोळ्यांनी फारसे साधतही नाही. लवकर उपचार मिळाले तर बहुतेक वेळा नळी वाचते. उशीर झाला तर ती काढावी लागते, आणि वारंवार संसर्ग झाला तर अस्तर निकामी होऊन हा मार्गच बंद होतो.

गढूळ आहे की नाही, हा वाद घरोघरी होतो. त्यावरचा एक उपाय मी सर्वांना सांगत असतो. भिंतीवरचे कॅलेंडर काढून उजेडात सपाट ठेवावे, त्यावर भरलेली पिशवी आडवी ठेवावी आणि तिच्यातून तारखेखालची तिथीची बारीक अक्षरे वाचून पाहावीत. अक्षरे स्वच्छ वाचता आली तर पाणी ठीक आहे. ती धुरकट दिसली तर ताबडतोब फोन करावा. पाण्यात कापसाच्या धाग्यासारखे पांढरे तंतू दिसले आणि बाकीचे पाणी निवळ असेल तर ते बहुधा फायब्रिन, म्हणजे रक्त गोठताना तयार होणारे प्रथिनाचे तंतू, असते. ते घाबरण्यासारखे नाही, पण केंद्राला कळवण्यासारखे नक्कीच आहे.

डॉक्टरांच्या रागाबद्दल मात्र माझे मत निराळे आहे. रागावले गेलेले कुटुंब पुढच्या वेळी चूक लपवते, आणि या उपचारात लपवलेली चूक महागात पडते. नळीच्या टोकाची टोपी हातातून निसटली, नळीच्या उघड्या टोकाला बोट लागले, तर ते केंद्रात न संकोचता सांगता आले पाहिजे. असे झाल्यास नळीचा क्लॅम्प बंद ठेवावा, नवी टोपी लावावी, पाणी बदलू नये आणि केंद्राला फोन करावा. तिथे ट्रान्सफर सेट, म्हणजे पोटावरच्या नळीला जोडलेला बाहेरचा तुकडा, बदलून गरज पडल्यास आधीच औषध देतात. सासूबाई बऱ्या झाल्या की पिशवी लावणाऱ्या प्रत्येकाने नर्ससमोर एकदा सगळी कृती करून दाखवावी. चौदा महिन्यांत हात सरावतो, आणि सरावलेला हात एखादी पायरी गाळतो. आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार एखाद्या केंद्रात पेरिटोनायटिसचे प्रमाण रुग्णामागे वर्षाला ०.४० हून अधिक नसावे, म्हणजे साधारण अडीच वर्षांत एकदा. आपल्या केंद्राचा आकडा विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

प्रश्न: मी ३४ वर्षांची असून स्वतःच्या पिशव्या स्वतः लावते. मासिक पाळीच्या आधी किंवा पाळीत एखाद-दोन वेळा पाणी गुलाबी येते. हे धोक्याचे आहे का?

उत्तर: पाळीच्या दिवसांत किंवा बीजकोशातून अंडे सुटण्याच्या सुमारास थोडे रक्त पोटाच्या पोकळीत येऊ शकते आणि पाणी गुलाबी दिसते. एक-दोन पिशव्यांत ते आपोआप निवळते. वहीत तारीख लिहून ठेवावी, म्हणजे पाळीशी जुळते की नाही हे कळेल. पाणी गडद लाल झाले, वेदना वाढल्या किंवा गढूळपणाही दिसला तर मात्र त्याच दिवशी दाखवावे.

प्रश्न: आम्ही चाळीतील दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहतो. वडिलांसाठी डॉक्टरांनी पोटाचे डायलिसिस सुचवले आहे, पण नातेवाईक म्हणतात की वेगळी खोली आणि एसी असल्याशिवाय ते घरी करणे वेडेपणाचे आहे. त्यात आमचे छत पावसाळ्यात गळते.

उत्तर: नातेवाइकांचे म्हणणे मला मान्य नाही. वेगळी खोली असेल तर उत्तमच, पण मोठ्या बंगल्यात वारंवार संसर्ग झालेले आणि एका खोलीत वर्षानुवर्षे विनातक्रार डायलिसिस केलेले, असे दोन्ही प्रकारचे रुग्ण मी पाहिले आहेत. खोलीच्या आकारापेक्षा पिशवी बदलण्याच्या अर्ध्या तासाची शिस्त मोलाची असते.

त्या अर्ध्या तासात पंखा बंद, खिडकी बंद, दाराला कडी, चूल किंवा गॅस बंद, झाडलोट अर्धा तास आधीच उरकलेली, आणि मांजर खोलीबाहेर. एक लहान टेबल फक्त याच कामासाठी ठेवावे आणि दर वेळी पुसून घ्यावे. पिशवी लावणाऱ्याने अंगठ्या, घड्याळ, बांगड्या काढाव्यात, नखे कापलेली असावीत, पदर किंवा ओढणी नीट खोचावी, आणि रुग्णानेही मास्क लावावा. हात वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचे आहेत. तांब्यातून पाणी ओतून घेण्यापेक्षा तोटी असलेले पिंप मोरीत ठेवणे बरे. खरी गफलत होते ती हात पुसताना. घरातल्या सर्वांचा मिळून एकच टॉवेल असतो आणि धुतलेले हात त्याच्याच ओलसर टोकाला पुसले जातात. कागदी नॅपकिन वापरावा, त्यानेच नळ बंद करावा, आणि त्यानंतर मोबाइलला हात लावू नये. फोन वाजला तर वाजू द्यावा.

साठवणीचा विचार आधी करावा, कारण त्याची कल्पना कोणी देत नाही. दिवसाला तीन पिशव्या धरल्या तर महिन्याला नव्वद होतात, आणि प्रत्येकी दोन लिटर म्हणजे जवळपास दोन क्विंटल माल दर महिन्याला घरात येतो. ती खोकी जमिनीवर न ठेवता विटांवर टाकलेल्या फळीवर, भिंतीपासून चार बोटे दूर ठेवावीत. खाटेखालची जागा चालते, मात्र उंदरांकडे लक्ष हवे. गळत्या छताखाली प्लास्टिकचा कागद घालून निभावता येईल, पण भिजलेल्या खोक्यातील पिशवी वापरण्याआधी केंद्राला विचारावे. आधी मुदत संपणारे खोके नेहमी पुढे असावे. पिशवी लावण्यापूर्वी तिच्यावरची मुदत आणि तीव्रता वाचावी, द्रावण निवळ आहे का हे पाहावे आणि दाबून ती कुठे पाझरत नाही ना याची खात्री करावी.

पिशवी कोमट करण्यासाठी ती गरम पाण्यात बुडवू नये, कारण जोडणीच्या टोकापाशी शिरलेल्या ओलाव्याबरोबर जंतूही शिरतात. मायक्रोवेव्हमध्ये द्रावण असमान तापते आणि आतून पोट भाजू शकते. एका घरात पिशवी भाताच्या कुकरच्या झाकणावर ठेवीत असत. कल्पकता कौतुकास्पद होती, तो प्रकार मात्र मी तत्काळ थांबवायला लावला. कोरडी ऊब देणारी विजेची शेकायची पिशवी पुरेशी असते. मे महिन्यात तर विदर्भ-मराठवाड्यात काहीच गरम करावे लागत नाही. थंड द्रावणाने हुडहुडी भरते किंवा पोटात कळ येते, त्याहून मोठे नुकसान होत नाही.

प्रश्न: गावात रात्री वीज जाते. सायकलर घ्यावा का?

उत्तर: वीज भरवशाची नसेल तर हाताने करायची सीएपीडीच बरी. तिला विजेची गरज नाही. भरलेली पिशवी वर खुंटीला आणि रिकामी खाली जमिनीवर, एवढ्यावर गुरुत्वाकर्षण आपले काम करते. सायकलर घेतलाच तर इन्व्हर्टर लागेल, आणि यंत्र बंद पडलेल्या रात्रीसाठी हाताने लावायच्या पिशव्या आणि ते तंत्र, दोन्ही तयार हवे.

प्रश्न: पाणी आत सहज जाते, पण बाहेर पूर्ण येत नाही. दोन लिटर घातले तर कधी दीड लिटरच निघते. कूस बदलली की थोडे अधिक येते. नळी बाद झाली असे समजावे का?

उत्तर: इतक्यात नाही. आधी नळीला कुठे पीळ पडला आहे का, क्लॅम्प पूर्ण उघडला आहे का आणि रिकामी पिशवी पोटाच्या पातळीच्या पुरेशी खाली आहे का, हे पाहावे. त्यानंतर एक प्रश्न स्वतःला विचारावा, जो माझ्याकडे येणारे रुग्ण संकोचाने टाळतात: पोट साफ कधी झाले होते? फुगलेले आतडे नळीला दाबते किंवा तिची जागा बदलते, आणि पाणी अडकण्याचे अगदी नेहमीचे कारण हेच असते. घरात चालणारा इसबगोलाचा उपाय भरपूर पाण्यासोबत घ्यावा लागतो आणि आपल्याला पाणी मोजून प्यायचे आहे, म्हणून डॉक्टर बहुधा लॅक्टुलोज देतात. मॅग्नेशियम असलेली रेचके आणि फॉस्फेटचा एनिमा मूत्रपिंडाच्या रुग्णाने घेऊ नयेत, मग औषधाच्या दुकानात ती कितीही सहज मिळोत. बद्धकोष्ठ तसेच राहिले तर आतड्यातील जंतू पोकळीत उतरण्याची भीतीही असते.

पोट साफ होऊनही पाणी अडत असेल तर फायब्रिनची गुठळी किंवा नळी सरकणे ही कारणे उरतात. पहिल्यासाठी केंद्राच्या सल्ल्याने पिशवीत हेपॅरिन, म्हणजे गुठळी होऊ न देणारे औषध, घालतात, दुसरे एक्स-रेत दिसते. घरी सिरिंज लावून पाणी ओढण्याचा प्रयत्न करू नये. आणि वृषणाला, जांघेत किंवा नळीच्या कडेने सूज दिसली तर पाणी बाहेर न येता ऊतींत पाझरते आहे किंवा हर्निया झाला आहे असा संशय घेऊन लगेच दाखवावे.

प्रश्न: माझ्या वडिलांना मधुमेह आहे. डायलिसिस सुरू झाल्यापासून साखर वाढली आणि पोटही सुटले. रात्री त्यांना निराळ्या प्रकारची पिशवी लावतात. गेल्या आठवड्यात ग्लुकोमीटर २६० दाखवीत होता, म्हणून इन्सुलिन दिले, पण ते घामाघूम होऊन बडबडू लागले. मीटर बिघडला होता का?

उत्तर: हे पत्र मी सर्वांत आधी उत्तरासाठी काढले आणि आपल्याला वेगळे कळवलेही आहे. इतरांच्या माहितीसाठी ते इथे छापत आहे.

रात्रीची ती निराळी पिशवी बहुधा आयकोडेक्स्ट्रिनची असावी. तिच्यात साध्या डेक्स्ट्रोजऐवजी साखरेच्या रेणूंची लांब साखळी असते, जी लांब मुक्कामात पाणी चांगले ओढते. ती रक्तात उतरल्यावर तिच्यापासून माल्टोज तयार होते. काही ग्लुकोमीटरच्या पट्ट्या जीडीएच-पीक्यूक्यू या विकरावर चालतात आणि माल्टोजलाही ग्लुकोज समजून मोजतात. मीटर २६० दाखवतो आणि खरी साखर ६० असू शकते, अशा स्थितीत इन्सुलिन देणे जिवावर बेतते. घाम, थरथर, असंबद्ध बोलणे दिसले तर मीटरचा आकडा काहीही असो, साखर कमी आहे असे धरावे. रुग्ण शुद्धीवर असल्यास साखर खायला द्यावी आणि प्रयोगशाळेत रक्त तपासून घ्यावे. मीटर या पिशवीबरोबर चालतो का, हे पट्टीच्या डबीवरील माहिती आणि केंद्रातील नर्स यांच्याकडून पडताळून घ्यावे. ही पिशवी थांबवल्यानंतरही परिणाम सुमारे दोन आठवडे राहू शकतो. वडिलांच्या खिशात तशी चिठ्ठी ठेवावी, कारण अपघात विभागातील डॉक्टरांना हे माहीत असेलच असे नाही.

साखर आणि वजन वाढण्याचे कारण साध्या पिशव्यांतच आहे. त्यांची तीव्रता १.५, २.५ आणि ४.२५ टक्के डेक्स्ट्रोज अशी असते. तीव्रता जितकी अधिक, तितके पाणी अधिक ओढले जाते आणि तितकी साखरही अधिक शोषली जाते. दिवसाकाठी १०० ते २०० ग्रॅम ग्लुकोज न खाता शरीरात जाऊ शकते. म्हणून सूज दिसली की घरच्या घरी तीव्र पिशवी लावण्याचा मोह आवरावा आणि आधी मीठ तपासावे. लोणचे, पापड, फरसाण आणि बेकरीचे पदार्थ कमी केले की तहान कमी होते, तहान कमी झाली की पाणी कमी पोटात जाते, आणि पुष्कळदा साध्या पिशवीवरच भागते. ‘लो सोडियम’ म्हणून मिळणारे मीठ मात्र घेऊ नये, कारण त्यात पोटॅशियम असते. उपवासाचे सैंधव हेही सोडियमच आहे.

वहीचे काम खरे तर इथे पडते. रोज सकाळी पाणी उतरवल्यानंतर वजन, रक्तदाब, आत किती घातले, बाहेर किती आले, लघवी किती झाली, एवढेच लिहायचे. पिशव्यांसाठी लटकवायचा काटा पुरतो. दिवसभरात आत ६००० मिलिलिटर आणि बाहेर ६७०० आले तर ७०० मिलिलिटर पाणी शरीरातून निघाले. तीन दिवसांत वजन दीड किलो वाढले आणि बाहेर येणारे पाणी घटत चालले, हे वही दाखवते; नुसता सुजलेला चेहरा पाहून ते कळायला आणखी चार दिवस लागतात आणि तोवर रात्री धाप लागू लागते. पुष्कळ वह्यांत मला रोज अगदी एकसारखे आकडे दिसतात. ते तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने लिहिलेले असतात, हे आम्हा डॉक्टरांना लगेच कळते.

प्रश्न: स.न.वि.वि. माझे वय ६६. चाळीस वर्षे आषाढीला पंढरपूरला जातो आणि दिंडीत पखवाज वाजवतो. आता पोटाला नळी आहे. एकादशी करावी का, चंद्रभागेत स्नान करावे का, आणि पखवाज वाजवावा का?

उत्तर: आपल्या तीन प्रश्नांना तीन निरनिराळी उत्तरे आहेत.

स्नान करू नये. नदी, विहीर, तलाव, कुठेही नळीचे तोंड बुडता कामा नये. आषाढीच्या गर्दीत तर नाहीच. तीरावर उभे राहून हात-पाय धुवावेत, आणि मधुमेह असल्यास पायाला जखम नाही हे पाहून. रोजची अंघोळ, नळीची जखम पूर्ण भरल्यानंतर, बादलीतील स्वच्छ पाण्याने करावी, त्यानंतर नळीचे तोंड स्वच्छ कोरडे करून केंद्राने दिलेले मलम लावावे आणि नळी पोटाला चिकटपट्टीने स्थिर ठेवावी. तिथली खपली काढू नये आणि हळद किंवा पावडर लावू नये.

उपवासाचा विचार प्रथिनांच्या बाजूने करावा. या डायलिसिसमध्ये दिवसाला साधारण ५ ते १५ ग्रॅम प्रथिने पाण्याबरोबर निघून जातात, म्हणून आहारात वजनाच्या प्रत्येक किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात. ६० किलोच्या माणसाला ६० ते ७२ ग्रॅम. साबुदाण्यात जवळजवळ सगळा स्टार्च असतो, आणि साखर आपल्याला पिशवीतून मिळतेच आहे. महिन्यातल्या दोन एकादशींनी आपले फार बिघडणार नाही, पण त्या दिवशी पनीर, दही यांची सोय डॉक्टरांनी सांगितलेल्या फॉस्फेटच्या मर्यादेत ठेवावी, आणि इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्यांत बदल करून घेतल्याशिवाय उपाशी राहू नये. निर्जळी किंवा सलग उपवास मात्र नको. एरवी डाळ, उसळ, अंड्याचा पांढरा भाग, मासे यांना आपल्या पथ्यात जागा किती, हे आहारतज्ज्ञ रक्तातील पोटॅशियम आणि फॉस्फेट पाहून ठरवतील. रक्ताच्या डायलिसिसपेक्षा इथे पोटॅशियमचे पथ्य बहुधा सैल असते.

पखवाज वाजवावा, पण बसून. उभ्याने गळ्यात अडकवलेला पखवाज नेमका नळीवर टेकतो, आणि दोन लिटर पाणी पोटात असताना तो भार पेलल्यास हर्नियाची शक्यता वाढते. मांडी घालून, पखवाज पुढ्यात घेऊन, शक्य तर पाणी उतरवलेले असताना वाजवावा. प्रवासाला रोजच्या हिशेबापेक्षा दोन पिशव्या, टोप्या आणि मास्क अधिक न्यावेत. वाटेत पिशवी लावायची तर गाडी उभी करून, काचा आणि एसी बंद करून लावता येते. वाटेवरच्या डायलिसिस केंद्राचा फोन क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहावा.

प्रश्न: सरकारी योजनेत पोटाचे डायलिसिस होते का?

उत्तर: प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम २०१६ मध्ये रक्ताच्या डायलिसिसपासून सुरू झाला आणि २०१९ मध्ये त्यात पोटाच्या डायलिसिसच्या मार्गदर्शक सूचना आल्या. प्रत्यक्षात कोणत्या जिल्ह्यात काय मिळते यात फरक असल्याने जिल्हा रुग्णालयात आणि महात्मा फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे शिधापत्रिका घेऊन समक्ष चौकशी करावी. नळी बसवण्याच्या आधी करावी, नंतर नव्हे.

प्रश्न: यजमानांच्या चार पिशव्या मी तीन वर्षे लावते आहे. पहाटे सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री दहा. तीन वर्षांत मी माहेरी एक रात्र राहिलेले नाही. भावाच्या मुलीच्या लग्नातून अक्षता पडताच परतले. यजमान ५८ वर्षांचे आहेत, हात-पाय धड आहेत, पण म्हणतात, तुझ्याच हाताला गुण आहे. असे लिहिणे स्वार्थीपणाचे आहे का?

उत्तर: ताई, यात स्वार्थ काही नाही. उलट आपण आजारी पडलात तर या घरात पिशवी कोण लावणार, हा प्रश्न तीन वर्षांपूर्वीच केंद्राने विचारायला हवा होता. माझ्या मते दोन माणसे शिकल्याशिवाय घरचे डायलिसिस सुरूच करू नये आणि त्यांतले एक माणूस, हात आणि दृष्टी ठीक असेल तर, स्वतः रुग्ण असावा. आपल्या यजमानांची दृष्टी शाबूत आहे, हातही चालतात. तुझ्याच हाताला गुण आहे, हे बोलणे प्रेमाचे असले तरी त्याचा भार आपल्याच पाठीवर येतो.

डॉक्टरांना आणखी दोन गोष्टी विचाराव्यात. यजमानांना अजून लघवी होत असेल तर चोवीस तासांची लघवी आणि पोटातून निघालेले पाणी तपासून चारऐवजी तीन पिशव्या पुरतील का, हे ठरवता येते. उरलेली लघवी टिकवण्यासाठी अंगदुखीवर डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. आणि वीज व खर्च जमत असेल तर रात्रीचा सायकलर आपला दिवस मोकळा करील. आपली झोप, भूक, रडू येणे याविषयीही त्याच भेटीत बोलावे. तपासणीला गेल्यावर केवळ रुग्णाच्याच वहीत नोंदी व्हाव्यात असा नियम नाही.

सुरुवात दुपारच्या पिशवीपासून करावी. पहिले आठ दिवस यजमान नर्ससमोर आणि मग आपल्यासमोर लावतील, आपण हात मागे बांधून फक्त पाहायचे आणि पायरी चुकली तरच बोलायचे. पुढचे आठ दिवस आपण दाराबाहेर बसायचे. तिसऱ्या आठवड्यात सकाळची पिशवी लावून एसटीने माहेरी जावे आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत यावे. मधल्या पिशव्यांचे आकडे यजमानांनी आपल्या अक्षरात वहीत लिहिलेले असावेत.